शिफारसोत्सुक

दिवाळीच्या फराळाचा डबा तळाला गेला की जुने विद्यार्थी मला शोधू लागतात. सकाळी सात-चाळीसला व्हॉट्सॲपवर निरोप येतो, "सर, ओळखलंत का?" डीपीत काळा कोट, पांढरा बॅण्ड आणि मागे हायकोर्टाची दगडी भिंत. मी लॉ कॉलेजात कॉण्ट्रॅक्ट शिकवतो. पटावर सव्वाशे, बाकांवर तीस. तेव्हा न ओळखणं हाच नियम. पण दुसऱ्या निरोपात माझ्या गुडघ्याची चौकशी आली की मी लगेच ओळखतो. हा शिफारसोत्सुक.

विवाहोत्सुकाचा हा सख्खा चुलतभाऊ. वय अठ्ठावीसच्या आसपास, फोर्टातल्या एखाद्या सीनियरच्या चेंबरमध्ये चार-पाच वर्षं ज्युनियरकी झालेली, आणि आता एलएलएमसाठी अमेरिका नाहीतर इंग्लंड गाठायचं. एसओपी तयार, आयईएलटीएस झालेली. घोडं अडतं एलओआरपाशी. एक पत्र सीनियरचं हवं, एक प्राध्यापकाचं. प्राध्यापकाला हा पाच वर्षांत भेटलेला नसतो. त्याआधीच्या पाचातही फारसा भेटला नव्हता.

परवाचा शिफारसोत्सुक पेढ्यांचा पुडा घेऊन घरीच आला. नाव ओळखीचं वाटलं, पण कुठून ते आठवेना. मग आठवलं. डिफॉल्टर यादीतून! बार कौन्सिलला 70 टक्के हजेरी लागते. याची 41 होती आणि टायफॉइडचं सर्टिफिकेट वर्षातून दोनदा आलं होतं.

"सर, तुम्हाला त्रास नको म्हणून ड्राफ्ट करूनच आणलाय."

त्या ड्राफ्टात मी लिहिलं होतं की मी शिकवलेल्या पहिल्या 5 टक्क्यांत हा बसतो आणि वर्गातले त्याचे प्रश्न मला आजही झोपू देत नाहीत.

"कोणते प्रश्न?"

"ते आपण भरू, सर."

अमेरिकेतल्या बऱ्याच लॉ स्कूलांकडे ही पत्रं एलसॅक या संस्थेमार्फत जातात. लिंक थेट पत्र लिहिणाऱ्याच्या ईमेलवर येते. तिकडच्या 1974च्या कायद्याने विद्यार्थ्याला स्वतःविषयीचे कागद पाहायचा हक्क आहे. पत्र मोकळेपणाने लिहिलं जावं म्हणून अर्जदार टिक करून तो हक्क सोडतो. यानेही सोडला होता. स्वतःच लिहिलेलं पत्र वाचायचा हक्क सोडणारा वकील मी पहिल्यांदाच पाहिला, असं म्हणणार होतो. पण हा सातवा.

मी त्याला 1906 सालचं पत्र सांगितलं. शिवाजी शिष्यवृत्तीसाठी टिळकांनी श्यामजी कृष्णवर्मांना सावरकरांबद्दल लिहिलं होतं. एवढ्या अर्जांच्या गर्दीत कुणा एकाची शिफारस करण्यात अर्थ नाही, असं आधी म्हणून मग केलेली शिफारस. त्यात एक गुण असा सांगितला होता की स्वदेशीच्या उत्साहापायी या मुलाने फर्ग्युसनच्या चालकांची नाराजी ओढवून घेतली. सावरकर त्या शिष्यवृत्तीवर लंडनला कायदा शिकायला गेले.

"मग तुझी डिफॉल्टर यादी घालू?"

"तेवढं नको, सर."

सीनियरसाहेबांनी त्याला सांगितलं होतं, "तू लिही, मी सेटल करतो." सेटल होऊन आलेल्या पत्रात ‘असामान्य’चं ‘समाधानकारक’ झालं होतं, दर परिच्छेद ‘आय से दॅट’ने सुरू होत होता आणि एके ठिकाणी नाव आधीच्या ज्युनियरचं होतं. साहेबांचंही चुकलं म्हणवत नाही. हा गेला तर रात्री बोर्ड कोण बघणार, सकाळी तारीख कोण मागणार? पोरगा जितका कामाचा तितकं पत्र कोमट, असा माझा अनुभव आहे.

त्याला खरा ओळखतो तो साहेबांचा क्लार्क. हायकोर्टाच्या आवारात चहा पिताना त्याने मला सांगितलं. सुनावणीच्या आदल्या रात्री अकरा वाजता याच्या लक्षात आलं की कम्पायलेशनमध्ये एक पान नाही, आणि पान नेमकं आपल्याच अशिलाच्या विरोधातलं. याने ते सगळ्या प्रतींत घातलं, मग साहेबांना फोन करून स्वतःच सांगितलं आणि शिव्या खाल्ल्या. "दुसऱ्या कुणी झेरॉक्सवाल्याच्या माथी मारलं असतं, सर."

परदेशातल्या कॉलेजाला नेमकं हेच वाचायचं असतं. पण क्लार्कचं पत्र कोण मागतो? आणि मी लिहावं, तर तो ऐकीव पुरावा.

मग त्याचा ड्राफ्ट बाजूला ठेवून मला माहीत होतं ते लिहिलं. सतरा वर्षांच्या मुलाचा करार ‘व्हॉइडेबल’ का ठरतो, असा प्रश्न मी एकदा परीक्षेत घातला होता. सगळ्यांनी इमानदारीत कारणं दिली. या एकट्याने लिहिलं की 1903च्या मोहरीबीबी खटल्यापासून असा करार मुळातच ‘व्हॉइड’ आहे, सबब प्रश्न चुकला आहे. मी पैकीच्या पैकी मार्क दिले होते. पत्रात त्याची हजेरीही लिहिली आणि माझी चूकही. पेढे घरच्यांनी आधीच संपवले होते, त्यामुळे माझ्यावर कसलंही दडपण नव्हतं.

सीनियरसाहेबांचं पत्र शेवटच्या दिवशी रात्री गेलं. नाव दुरुस्त होऊन आणि पानाचा किस्सा आत घेऊन. अपलोड क्लार्कने केलं. साहेबांच्या ईमेलचा पासवर्ड त्यालाच माहीत असतो.