सभासदांच्या समाधानाची आणि स्वयंसेवकांच्या सन्मानाची तजवीज

झाशी येथील एका सामुदायिक कार्यशाळेच्या कार्यकारी मंडळास अनावृत पत्र

राजमान्य राजश्री अध्यक्ष व समस्त कार्यकारी सभासद यांसी, साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपल्या कार्यशाळेत सभासदांना येणारा अनुभव कसा सुधारावा आणि विनावेतन राबणाऱ्या स्वयंसेवकांची कदर कशी करावी, या दोन गहन प्रश्नांचा ऊहापोह करण्यासाठी आपण दोन स्वतंत्र उपसमित्या नेमल्याचे परिपत्रक लेथच्या शेजारी, म्हणजे लेथ बंद पडलेला असल्यामुळे वाचकाला निर्धास्तपणे उभे राहता येईल अशा मोक्याच्या जागी, डकवलेले पाहून मला जो आनंद झाला तो शब्दांत व्यक्त करण्यास मी असमर्थ आहे. तथापि असमर्थता हे काम अंगावर न घेण्याचे कारण होऊ शकत नाही, हा सार्वजनिक संस्थांचा शिरस्ता मी आपल्याकडूनच शिकलो आहे.

प्रत्येक सभासदाकडून दरमहा समाधानपत्रक भरून घेण्याची आपली योजना स्तुत्य खरी, परंतु तीत एक न्यून राहिले आहे. काम आटोपल्यावर समाधान विचारले, तर थ्री-डी प्रिंटरचे नोझल तुंबलेले होते, ड्रिलची बिटे बोथट होती, आणि पान्यांच्या कपाटाची किल्ली ज्यांच्यापाशी असते ते सद्गृहस्थ लग्नकार्यासाठी ग्वाल्हेरीस गेले होते, असल्या क्षुद्र तपशिलांनी उत्तरे दूषित होण्याचा संभव आहे. सबब पत्रक हत्याराला हात लावण्यापूर्वीच, तीन प्रतींत, भरून घ्यावे, म्हणजे समाधान निर्भेळ राहील. नवागताला यंत्र कसे चालवावे हे कोणी दाखवीत नाही, अशी एक कुरकुर कानी येते. तिच्याकडेही लक्ष देण्याचे प्रयोजन दिसत नाही; कारण यंत्र चालवू लागलेला माणूस यंत्र झिजवतो आणि झिजेचा खुलासा हिशेबतपासनिसाला द्यावा लागतो, उलट दाराशी बसून नियमावली वाचणाऱ्या सभासदाने संस्थेचे एका पैशाचेही नुकसान केल्याचे आपल्या दफ्तरी दाखल नसेल.

आता स्वयंसेवकांविषयी. रेल्वेच्या कारखान्यात उभी हयात घालवून निवृत्त झालेले एक फिटर, ज्यांना आम्ही सगळे नुसते मिस्त्रीजी म्हणतो, संध्याकाळी सिपरी बाजाराकडून सायकलीवर येतात, बोथट बिटांना ग्राइंडरवर धार लावतात, कानस कशी धरावी हे पोरांचे मनगट धरून शिकवतात, आणि कोणाचा निरोपही न घेता निघून जातात. हे वर्तन संस्थेच्या दृष्टीने अत्यंत गैरसोयीचे आहे, कारण त्याची नोंद कोणत्या रकान्यात करावी याविषयी नियमावली मौन धारण करते. म्हणून माझी सूचना अशी की, सन्मानाची इच्छा असणाऱ्या स्वयंसेवकाने तसा रीतसर अर्ज करावा, ज्यांना आपण शिकवले त्यांचे दाखले त्यास जोडावेत, आणि ज्याला स्वतःच्या गौरवासाठी अर्ज करण्याचा संकोच वाटेल तो गौरवास अपात्र समजावा. वार्षिक समारंभात खुर्च्या मांडणे, ध्वनिक्षेपक जोडणे आणि नारळ मोजून घेणे ही कामे सत्कारमूर्तींकडेच सोपवावीत, कारण त्यांना कामाची सवय असते. शाली प्रथम व्यासपीठावरील मान्यवरांना, त्यानंतर देणगीदारांना, आणि उरल्याच तर इतरांना द्याव्यात.

काही इतिहासप्रेमी मंडळी या प्रसंगी याच शहराचे जुने उदाहरण पुढे करतील, त्याचा बंदोबस्त आधीच केलेला बरा. 1858 च्या मार्चमध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेचा झाशीला वेढा पडला असता तटाची खिंडारे गवंडी रातोरात बुजवीत आणि शहरातल्या बायका तोफांपर्यंत दारूगोळा वाहून नेत. गोलंदाज गुलाम गौसखानाने कर्तबगारी दाखवताच झाशीच्या राणीसाहेबांनी त्याला तोडा बक्षीस दिल्याचे सांगतात, आणि त्यापूर्वी ओरछ्याच्या नत्थेखानाशी झालेल्या लढाईतील जखमींना मलमपट्टी होत असता त्या स्वतः जवळ उभ्या होत्या. या साऱ्यात ना ठराव, ना अनुमोदन, ना उपसमितीची शिफारस! बायकांच्या त्या श्रमांची नोंद तर साक्षात शत्रूच्या सेनापतीने आपल्या अहवालात केली. परंतु आपल्या संस्थेला इतका प्रामाणिक शत्रू लाभेलच अशी हमी कोण देणार? त्या दिवसांची हकीकत लिहिणारे वरसईचे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ 1907 साली, म्हणजे सुमारे अर्धशतक लोटल्यावर, छापून निघाला. तेवढा काळ थांबण्याची तयारी असल्यास आमच्या स्वयंसेवकांनीही निराश होऊ नये.

दुसरे घातक उदाहरण पुणे जिल्ह्यातील पाबळचे. तेथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी, मोठ्या कंपनीतील संशोधकाची नोकरी सोडून, 1983 साली विज्ञान आश्रम काढला आणि शाळेत न रमलेल्या पोरांच्या हाती सरळ वेल्डिंगची बंदूक, विजेच्या तारा आणि गवंड्याची थापी दिली. 2002 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने तेथे फॅब लॅबही उभी राहिली, जी अमेरिकेबाहेरच्या अगदी आरंभीच्या अशा प्रयोगशाळांपैकी एक होय. तिथली पोरे गावकऱ्यांच्या खऱ्याखुऱ्या गरजांची कामे करीत शिकतात. परिणाम असा की, पोराने केलेल्या फाटकाचे समाधानपत्रक गावकरी फाटक दोनदा उघडमीट करून भरतो, आणि बिजागरी कुरकुरली तर तिथल्या तिथे सुनावतो. असा निर्णय जागच्या जागी होऊ लागला, तर आपल्या दोन्ही उपसमित्यांनी बसावे कुठे?

शेवटी एक किरकोळ बाब. ग्राइंडरचा दगड झिजून निकामी झाला असून मिस्त्रीजींनी नव्या दगडाची लेखी मागणी केली होती. ती सन्मान-उपसमितीपुढे जाऊन ‘विषय कक्षेबाहेरचा’ असा शेरा घेऊन परत आल्याचे कळते. ती कक्षा तेवढ्यापुरती वाढवावी, दगडाची रक्कम शालींच्या तरतुदीतून वळती करावी, कपाटाची एक किल्ली मिस्त्रीजींच्या हवाली करावी, आणि या प्रसंगी कोणाचेही भाषण ठेवू नये.

बहुत काय लिहिणे? लोभ असावा, ही विनंती.

आपला नम्र,
वर्गणी वेळेवर भरणारा एक सभासद