काही जागा राखीव, बाकीच्या रिकाम्या

पुण्यातल्या गाण्याच्या बैठकीच्या पत्रिकेवर तळाशी दोन वाक्यं ठरलेली असतात. ‘प्रवेश विनामूल्य’ आणि ‘काही जागा राखीव’. पहिलं वाचून पुणेकराला संशय येतो: फुकट आहे म्हणजे गाणारा नवशिका असणार. दुसरं वाचून त्याचा अपमान होतो: राखीव कोणासाठी? आणि आम्ही काय सतरंज्या उचलायला यायचं? संशय आणि अपमान एकदम उसळले की माणूस घरीच बसतो. मग सहाच्या कार्यक्रमाला सव्वासहा वाजता सभागृहात कोण असतं? गायिका, तबलेवाले, पेटीवाले, तानपुऱ्यावर बसलेल्या दोन विद्यार्थिनी, मंडळाचे चिटणीस, गायिकेची आई आणि साउंडवाला. चिटणीस माइकवर येऊन सांगतात, “रसिक मंडळी वाहतुकीत अडकली आहेत, पाचच मिनिटांत सुरू करतो.” रसिक मंडळी वाहतुकीत नसतात. ती सोफ्यात अडकलेली असतात आणि तिथली कोंडी सुटायला कुठलाही उड्डाणपूल कामाचा नाही.

एरवी संगीत म्हटलं की आमची छाती फुगते. 1911 साली भास्करबुवा बखल्यांनी इथे भारत गायन समाज काढला, 1932 साली विनायकराव पटवर्धनांनी गांधर्व महाविद्यालय काढलं, 1953 साली भीमसेनजींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू केला. ही सनावळी बाहेरगावच्या पाहुण्याला तोंडपाठ म्हणून दाखवणारा माणूस पेठेतल्या बैठकीला शेवटचा कधी गेला होता, हे मात्र त्याच्या घरातल्यांनाही आठवत नाही. परंपरेचा अभिमान बाळगायला घराबाहेर पडावं लागत नाही, ही परंपरेची फार मोठी सोय आहे.

तर, सबबी. गाण्याची घराणी असतात तशी न जाण्याचीही आहेत आणि ती गाण्याच्या घराण्यांपेक्षा जास्त जोरात चालू आहेत. शिष्य भरपूर, रियाज रोजचा.

सगळ्यांत भरभराटीचं घराणं पार्किंगचं. “पेठेत गाडी कुठे लावणार हो?” हा त्यांचा मुखडा. त्याच पेठेत, त्याच गल्लीत, त्याच शनिवारी लग्नाचं रिसेप्शन असेल तर हाच गृहस्थ वेळेवर पोचतो आणि कोणाच्या तरी फाटकासमोर गाडी लावून, अहेराचं पाकीट खिशात चाचपत, आत जातो. श्रीखंड-पुरीच्या वासाने पार्किंग मिळतं आणि पूरियाच्या सुराने मिळत नाही, यामागे काही तरी शास्त्र असणार. मग मेट्रो आली. आधी वनाजहून डेक्कनपर्यंतची सोय झाली, 2024 च्या सप्टेंबरात तर ती जमिनीखालून मंडईमार्गे स्वारगेटपर्यंत पोचली. मला वाटलं, हे घराणं आता बुडालं. कसलं बुडतंय! आमच्या सोसायटीतल्या एका काकांना मी विचारलं, “काका, आता तर मेट्रोने जाता येईल.” काका म्हणाले, “येईल रे, पण स्टेशनपासून चालावं लागतं ना!” हेच काका रोज सकाळी सोसायटीच्या बागेला मोबाइलच्या साक्षीने दहा हजार पावलांच्या प्रदक्षिणा घालतात आणि आकडा कमी भरला तर जेवणानंतर हॉलमध्येच उरलेली पावलं टाकतात. ती पावलं पेठेत टाकली तर मोजली जात नाहीत, असा त्यांचा समज दिसतो.

वेळेच्या घराण्याची गोष्ट त्याहून मजेदार. पूर्वी मैफली रात्रभर चालत, सवाई महोत्सव तर पहाटेपर्यंत. तेव्हा सबब अशी होती की, “रात्रभर जागरण कसं झेपणार? दुसऱ्या दिवशी ऑफिस असतं.” मग 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर उघड्यावरचे कर्णे बंद झाले, पुढे मोजके दिवस बारापर्यंतची मुभा मिळाली. म्हणजे आता मंडपातलं गाणं कायद्यानेच दहाला संपतं. सरकारने एखादी सबब अधिकृतपणे रद्द केल्याचं हे बहुधा एकमेव उदाहरण असावं. त्यावर आमचं म्हणणं काय? “आता पूर्वीची मजा राहिली नाही हो! दहाला संपवतात. मालकंस रंगायच्या आत दिवे लागतात. कशाला जायचं?” जागरण होतं म्हणून जात नव्हतो, आता होत नाही म्हणून जात नाही.

प्रकृतीच्या घराण्याबद्दल मी बोलणार नाही. गुडघे प्रत्येकाचे स्वतःचे असतात. एवढंच नोंदवतो की जमिनीवर बसता न येणारे गुडघे खुर्चीची सोय केली की पाठीवर ढकलतात, आणि पाठ बरी असली तर सभागृहातला एसी बाधतो.

सगळ्यांत नम्र घराणं म्हणजे “आम्हाला शास्त्रीय कळत नाही हो” म्हणणाऱ्यांचं. हा नम्रपणा ऐकून मला दर वेळी गहिवरून येतं, कारण पुणेकराच्या अंगी तो दुसऱ्या कुठल्याही विषयात सापडत नाही. कोणता गोलंदाज कोणत्या टोकाकडून लावायचा होता, हे त्याला कळतं. रिझर्व्ह बँकेचं काय चुकलं, हे कळतं. मिसळीच्या रश्श्यात काय कमी आहे, हे तर न खाता कळतं. कळत नाही ते फक्त गाणं, आणि तेसुद्धा बैठक अर्ध्या तासाच्या अंतरावर असते तेव्हाच.

आणि कळायचं असतं तरी काय? लहान बैठकीत पुढे बसा आणि नुसतं बघा. तानपुरा जुळवणारी मुलगी घोडीवर वाकून, तारेखालचा दोरा नखाने केसभर पुढे सरकवते, तार छेडते, मान हलवते, परत केसभर मागे घेते. एका क्षणी ती तार साधी वाजायची थांबते आणि तिच्यातून मधमाश्यांसारखा गुंजारव उठतो. जवारी लागली. शेजारी तबलेवाले छोट्या हातोडीने गजऱ्याच्या कडेवर ठकठक करत असतात. तेही थांबतात, कारण त्यांचाही सूर मिळालेला असतो. गायिका अजून गायलेली नाही, माइकवाला अजून खोकतोय, पण अंगावर काटा आलेला आहे. यात न कळण्यासारखं काय आहे? रागाचं नाव विचारायची परीक्षा दारात कोणी घेत नाही. दारात फक्त चपला काढायच्या असतात.

यूट्यूब घराणं तरुण आहे. त्यात पन्नाशीचे लोकही तरुणांच्या उत्साहाने दाखल झाले आहेत. “सगळं आहे हो यूट्यूबवर! मल्लिकार्जुन आहेत, किशोरीताई आहेत, कुमार आहेत. त्यापुढे हे आत्ताचे काय गाणार?” मोठाल्या नावांची ही यादी ‘नंतर ऐकू’ या सदरात जमा असते आणि तिथेच तिला समाधी लागलेली असते. प्रत्यक्षात मारवा चालू असताना मधेच कांदाभजीचा व्हिडिओ येतो आणि मारवा राहतो. शिवाय मोबाइलच्या बोटभर स्पीकरला खर्ज झेपत नाही. तानपुऱ्याची चौथी तार सभागृहात मांडीखालच्या सतरंजीतून जाणवते. मोबाइलमधून ती येतच नाही, येतो तो तिचा पत्ता. आणि मुख्य म्हणजे मल्लिकार्जुनांना आता श्रोत्यांची गरज नाही. ज्या मुलीला आहे ती आज सहाला पेठेत गाणार आहे.

ध्वनिमुद्रणाचा विषय निघालाच आहे तर केसरबाईंचं सांगतो. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर. 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर यानं अवकाशात सोडली. त्यांच्यावरच्या सोनेरी तबकडीत जगभरातलं निवडक संगीत होतं आणि त्यात केसरबाईंची भैरवी होती. व्हॉयेजर-1 सुटलं त्याच सप्टेंबरात बाई गेल्या. 2012 साली त्या यानाने सूर्याच्या वाऱ्याची वेस ओलांडली आणि ते ताऱ्यांमधल्या पोकळीत शिरलं. तिथे श्रोता मिळेल याची कोणालाच खात्री नाही, तरी भैरवी चालली आहे. इकडे आमचे काका कर्वे रस्त्यावरून लकडी पुलापलीकडे जायला तयार नाहीत.

डिसेंबर आला की मात्र चमत्कार होतो. सवाईचे दिवस जवळ आले की त्याच गुडघ्यांना बळ येतं, त्याच गाडीला जागा मिळते, ठेवणीतल्या शाली निघतात आणि शास्त्रीय न कळणारी माणसं भारतीय बैठकीत तासन्‌तास मांडी घालून बसतात. मी याच्या विरोधात अजिबात नाही. तो महोत्सव मोठाच आहे आणि तिथली कॉफीही बरी असते. गंमत वेगळीच आहे. तिथे एखादा नवा मुलगा पहिल्यांदा गातो, जमून जातं, मंडप टाळ्यांनी दणाणतो आणि माझ्या शेजारचे रसिक चकित होऊन विचारतात, “कोण हो हा? होता कुठे इतके दिवस?” इथेच होता, काका. जुलैत तुमच्या घरापासून दोन चौकांवर गात होता. पत्रिका तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली होती. तुम्ही तिच्याखाली अंगठा दाखवून नमस्कार केला होता.

ज्यांच्यामुळे तो मंडप उभा राहिला ते भीमसेनजी 1933 साली अकरा वर्षांचे असताना गदगच्या घरातून गुरूच्या शोधात निघाले. खिशात पैसे नाहीत, आगगाडीचं तिकीट नाही. गाडीत गाणं म्हणायचं आणि पुढे सरकायचं, असं करत पोरगा ग्वाल्हेरला गेला, पुढे जालंधरलाही पोचला. सबब सांगायचा खरा अधिकार कोणाला होता तर त्या पोराला. त्याला ती सुचली नाही, कारण तो पुण्यात वाढला नव्हता.

आता पैशांचं. कार्यक्रम फुकट असला तर संशय, तिकीट असलं तर “पास आहे का हो कोणाकडे?” दोनशे रुपयांच्या तिकिटासाठी तीन ओळखी काढल्या जातात आणि पास मिळाला नाही तर त्याच संध्याकाळी मॉलमधल्या सिनेमाला जाऊन नुसत्या लाह्यांवर त्याहून जास्त रक्कम विनातक्रार मोजली जाते. लाह्यांचा पास कोणी मागत नाही. इकडे संयोजकाला हॉलचं भाडं, साउंड, छपाई भागवून उरतं त्यात कलाकारांना मानधन द्यायचं असतं. बऱ्याचदा काही उरतच नाही, म्हणून तरुण साथीदाराला शाल, श्रीफळ आणि ‘प्रसिद्धी मिळेल’ हे आश्वासन मिळतं. तबल्याची पुडी फाटली की दुकानदार श्रीफळ घेत नाही. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी ती बातमी अभिमानाने पुढे पाठवली. पण मानांकन वाजवता येत नाही. तानपुरा कोणी तरी विकत घ्यावा लागतो, घेणाऱ्याला गायला जागा लागते आणि जागा असली की समोर माणूस लागतो.

मिरजेचंच बघा. अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली गेले. त्यांच्या स्मरणार्थ तिथे मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या दिवसांत गाणं होतं. लोक येतात, बसतात, ऐकतात. गाडी कुठे लावायची, याची चौकशी करायला तिथे कोणी पुणेकर नसतो.

एक सबब मला मान्य आहे आणि तिच्यासाठी संयोजकांचे कान धरायला हवेत. सहाचं निमंत्रण असतं आणि षड्ज सातला लागतो. मधल्या तासात दीपप्रज्वलन (काडी विझते, परत पेटवतात, फोटोसाठी तिसऱ्यांदा पेटवतात), प्रास्ताविक, परिचय, सत्कार, सत्काराला उत्तर आणि प्रमुख पाहुण्यांचं मनोगत. मनोगताची सुरुवात “मला संगीतातलं काही कळत नाही” अशी होते आणि पुढची पंचवीस मिनिटं ते सप्रमाण सिद्ध होतं. नंतर पाहुणे ‘दुसऱ्या कार्यक्रमाची घाई’ म्हणून उठतात, त्यांना सोडायला पदाधिकारी बाहेर जातात आणि पहिला ख्याल पुढच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्च्यांना ऐकवला जातो. चिटणीससाहेब, कृपा करून पाहुणे कमी करा. समई गायिकेच्या आईच्या हातून लावा, ती वेळेवर आलेली असते.

बाकीच्यांसाठी एवढंच. हा शनिवार मोकळा ठेवा. मुलांना शिकवणी असेल तर एखाद्या आठवड्याला बुडू द्या, नातवंडांना बरोबर घ्या, चुळबुळ केली तर करू द्या. पुढे जाऊन बसा, फोन बंद करा, दाद द्यावीशी वाटली तर मोठ्याने द्या. चुकीच्या जागी दिली म्हणून कोणी हाकलत नाही. निघताना दारातल्या मदतपेटीत एका कुटुंबाच्या लाह्यांइतके पैसे टाका. आणि भैरवी होईपर्यंत उठू नका. गाडी कुठे जात नाही.