सहा वर्षांच्या मुलीसाठी एक रॉड दाखवा

लहान मुलांसाठी म्हणून घरात येणाऱ्या वस्तूंपैकी निम्म्या तरी बापांसाठी असतात, हे कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. पतंग आणि मांजा, रुळांवरून पळणारी आगगाडी, रिमोटचं हेलिकॉप्टर. पोरगं शेजारी बसून 'मला दे ना' म्हणत असतं आणि बाप 'थांब, आधी नीट चालतंय का बघू दे' म्हणत असतो. या यादीत आमच्या घरापुरती मासे पकडायच्या रॉडची भर पडली आहे.

यातली खरी गंमत अशी, की माझ्या नवऱ्याचा माशांशी संबंध लग्नानंतरचा. तो सदाशिव पेठेतला. बांगडा आणि पापलेट यांतला फरक त्याला अजूनही बिलावरून कळतो. माझं माहेर आचऱ्याच्या खाडीकाठचं. तिथे गळ घेऊन बसण्याला 'गरवणं' म्हणतात आणि ते कुणी कुणाला शिकवत नाही. मे महिन्यात आमच्या लेकीला, मनूला, तिच्या आजोबांबरोबर गरवायला पाठवू, असं मी सहज बोलून गेले. त्या रात्री दोन वाजता फोनच्या उजेडात नवऱ्याचा चेहरा दिसला. "अगं," तो म्हणाला, "रीळ उघड्या तोंडाचं घ्यायचं की बंद तोंडाचं?"

पुढचे काही आठवडे आमच्याकडे रॉड बघण्याचा कार्यक्रम स्थळं बघितल्याच्या थाटात चालला. उंची किती, वजन किती, मूळचा कुठला, मिठाच्या पाण्यात टिकेल का, पुढे जाऊन वाकणार किती आणि मोडणार कधी. पत्रिका तेवढी बघायची राहिली.

शेवटी आम्ही दुकानात गेलो. "सहा वर्षांच्या मुलीसाठी एक रॉड दाखवा," मी म्हटलं. दुकानदाराने अडीच फुटांची गुलाबी काठी काढली. तिच्यावर राजकन्या होती आणि मुठीवर चमकी. मनू हरखली. नवऱ्याने मात्र भिंतीवरच्या नऊ फुटी काळ्या रॉडकडे बघत, "आणि तो?" असं विचारलं. तो रॉड समुद्राच्या लाटांपलीकडे शिसं फेकण्यासाठी असतो. त्याच्यापुढे आमची मनू उभी केली, तर तो तिला फेकेल.

दुकानदार सज्जन होता. त्याने जे सांगितलं ते मला पटलं, म्हणून इथे लिहिते. अडीच फुटी काठी खेळणंच. तिचं टोक इतकं ताठ, की मासा लागला तरी हाताला कळत नाही आणि दोरही लांब जात नाही. मुलाच्या उंचीहून वीतभर जास्त, म्हणजे साडेचार फुटांच्या आसपास, बरी. कार्बनची हलकी असते खरी, पण एकदा गाडीच्या दारात चेंगरली की खलास. शिवाय कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे विजेच्या तारांखाली ती घेऊन नाचायचं नाही. ग्लासफायबरची जरा जड, पण लेकरांच्या दांडगाईला पुरून उरते. एकात एक सरकणारी दुर्बिणीछाप काठी पिशवीत मावते म्हणून लोक घेतात, मग सांध्यांत वाळू जाऊन बसली की ती ना उघडत ना मिटत. त्यापेक्षा दोन तुकड्यांची घ्यावी. दोर आठ पौंडी, म्हणजे साडेतीन किलोला तुटणारा, पुष्कळ झाला. आणि गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकायचा. मासे थोडे निसटतात, पण पोराच्या बोटात किंवा बापाच्या कानात घुसला तर निमूट बाहेर येतो.

'बापाच्या कानात' म्हणताना त्याने नवऱ्याकडे पाहिलं नाही. धंद्यात मुरलेला माणूस.

मग रीळ. इथे नवऱ्याने दुकानदाराला बोलूच दिलं नाही. उघड्या तोंडाच्या रिळात तारेची कमान उघडा, दोर बोटावर धरा, झोका घ्या, नेमक्या क्षणी बोट सोडा, कमान मिटा. सहा वर्षांच्या मुलीला शाळेच्या बुटाची नाडी जमत नाही, तिथे हे कुठून जमणार? बंद तोंडाच्या रिळाला मागे एकच बटण. अंगठ्याने दाबून ठेवायचं, काठी पुढे आली की सोडायचं. हे रीळ लोकप्रिय केलं टेक्सासमधल्या आर. डी. हल नावाच्या घड्याळजीने. किराणा दुकानातला पोरगा पुडा बांधताना रिळावरून दोरा ओढत होता. रीळ जागचं हलत नव्हतं, दोरा मात्र सरसर सुटत होता. ते बघून हलच्या डोक्यात दिवा पेटला. त्याला आसरा दिला ओक्लाहोमातल्या टल्सा गावच्या झीरो अवर बॉम्ब कंपनीने. तेलाच्या विहिरींत लावायचे बॉम्ब हा तिचा धंदा. १९४९ साली पहिलं रीळ निघालं आणि पुढे कंपनीने बॉम्ब सोडून आद्याक्षरांचं 'झेबको' तेवढं ठेवलं. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाणी पुडे बांधत आले आणि गिऱ्हाइकं समोर उभी राहून फक्त वजनकाट्याकडे बघत राहिली.

बंद रीळ घेतलं. रंग मनूने निवडला, निळा. निवडीत तिचा वाटा एवढाच.

सराव डोंबिवलीत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. गळाच्या जागी रबरी गोळी बांधली होती, हे आधीच सांगते, कारण पुढे कमिटीत वेगळं सांगण्यात आलं. अंगठा लवकर सुटला की गोळी सरळ वर जाते. उशिरा सुटला की पायाशी आपटते. सुटलाच नाही तर गरकन फिरून फेकणाऱ्याच्या पाठीत बसते. मनूला दुसऱ्या संध्याकाळी जमलं. बापाची गोळी पहिल्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या साडीत गुंतली आणि सेक्रेटरी काका खाली आले. "मुलीला शिकवतोय," नवरा म्हणाला. मुलगी तेव्हा वॉचमनच्या मांजरीला रीळ दाखवत होती.

गावी पोचलो तर बाबा अंगणात. १९८२च्या संपानंतर ते परळची गिरणी सोडून गावी आले, तेव्हापासून संध्याकाळी खाडी. त्यांनी निळं रीळ हातात घेतलं, कानाशी नेऊन खडखडवलं.

"जावईबापू, ह्या कित्याक हाडलात?"

नवऱ्याने घड्याळजी, किराणा, बॉम्ब असा सगळा इतिहास ऐकवला. बाबांनी ऐकून घेतला. मग पडवीतून आपलं सामान आणलं: फिनेलची रिकामी प्लॅस्टिकची बाटली, तिच्या पोटावर गुंडाळलेला तंगूस, टोकाला शिसं आणि गळ. बाटलीची मान डाव्या मुठीत, बूड पाण्याकडे. उजव्या हाताने शिसं गरगर फिरवून सोडलं की तंगूस बुडावरून वेटोळ्या-वेटोळ्यांनी सुटत जातो. बाटली जागची हलत नाही.

नवरा बघतच राहिला. कारण तोपर्यंत त्याचं वाचन मागे मागे जात १९०५ सालापर्यंत पोचलं होतं. त्या साली इंग्लंडात ब्रॅडफर्डच्या इलिंगवर्थ नावाच्या माणसाने न फिरणाऱ्या रिळाचं पेटंट घेतलं. घराणं लोकरीच्या गिरण्यांचं, कल्पना सूतगिरणीतल्या बॉबिनवरून आलेली. हे त्याने बाबांना सांगितलं मात्र, बाबांचा चेहरा खुलला. ते स्पिनिंग खात्यातले.

"मिलात ह्याच बघलंय मी," ते म्हणाले. पेटंटचा विषय त्यांनी काढला नाही. गिरणीकडून राहिलेल्या येण्याचा काढला, आणि तो जेवणापर्यंत चालला.

खाडीवर कधी जायचं यावरूनही थोडी चकमक झाली. नवऱ्याच्या फोनमध्ये भरतीचं ॲप. बाबांकडे तिथीची पाऊणपट. अष्टमी, म्हणून आठाची पाऊणपट सहा, साधारण सहाला पूर्ण भरती. ॲपचं म्हणणंही जवळपास तेच निघालं, तेव्हा नवरा जरा खट्टू झाला. हेमिंग्वेचा म्हातारा कोळीसुद्धा एवढा प्रचंड मासा हातातल्या दोरीवरच धरतो, त्याच्या होडीत रीळ नसतंच, हे मी त्याला मुद्दाम आठवून दिलं. पु. लं.नी मराठीत आणलेलं 'एका कोळियाने' त्याच्याच कपाटात आहे.

खाडीवर मनूने रीळ दहा मिनिटं वापरलं असेल. उत्तम फेकलं, बापाने टाळ्या वाजवल्या. मग तिला कंटाळा आला, कारण फेकल्यानंतर काही होईना. याबद्दल दुकानात कुणी बोललं नव्हतं. गरवण्यात बराचसा वेळ काही होत नाही आणि बटण कितीही चांगलं असलं तरी ते 'काही नाही' सोपं करत नाही. तिला कोळंबीच्या डब्यात रस होता. कोळंबीचे डोळे, मिशा, पाय मोजणं. एक कोळंबी तिने गळाला लावू दिली नाही, कारण 'ती माझ्याकडे बघतेय'.

बाबांनी बाटली तिच्या हातात दिली आणि तंगूस तिच्या तर्जनीवरून घेतला. मासा टोचा मारतो तो काठीत विरतो, रिळाच्या गिअरात अर्धा हरवतो. बोटावर तो थेट येतो. पाचेक मिनिटांत मनू ताठ झाली. "आजोबा, कोणीतरी बोलवतंय!"

वर आला तो केंड. हातभर तंगूस पाण्याबाहेर येईतो त्याने पोट फुगवलं, पांढरं, काटेरी, गोल. बाबांनी फडक्यात धरून गळ काढला. केंडाच्या दातांपुढे बोट धरायचं नसतं आणि हा विषारी मासा ताटात तर घ्यायचाच नसतो. मनू मात्र आनंदाने किंचाळत होती. त्याला बादलीतून घरी न्यायचं, हौदात ठेवायचं, शाळेत न्यायचं.

"सोड गो तेका," बाबा म्हणाले. बरीच बोलणी झाली. 'टाटा' करून केंड गेला, पाण्यात पडताच चपटा होऊन.

तिकडे नवरा निळ्या रिळाचं झाकण उघडून बसला होता. खारं पाणी आत राहिलं की बंद रीळ गंजतं, म्हणून रोज गोड्या पाण्याने धुवायचं, हे त्याने वाचलं होतं. धुताना आतला दोर सुटला आणि झाकणातून, मुठीतून, चष्म्याच्या दांडीतून फिरत राहिला. मनू त्याच्याजवळ गेली. "बाबा, तुला आजोबांची बाटली देऊ का खेळायला?"

डोंबिवलीत परतून महिना झाला. रात्री दोनला फोनचा उजेड पुन्हा दिसू लागला आहे. फिनेलच्या बाटलीचा व्यास जास्त, त्यामुळे वेटोळी मोठी पडतात आणि दोर कमी पिळतो. सोड्याची बारीक, पण मुठीत छान बसते. बिअरची, त्याच्या मते, आदर्श, फक्त काचेची नको. हे ठरवण्यासाठी त्याने भंगारवाल्याकडून वेगवेगळ्या मापांच्या बाटल्या आणून गॅलरीत ओळीने मांडल्या आहेत. आयुष्यात थेंब न घेतलेल्या या माणसाबद्दल काल सेक्रेटरी काकांनी मला जिन्यात थांबवून, आवाज खाली आणून विचारलं, "वहिनी, घरी सगळं ठीक आहे ना?"