कमावलं की विकलं?

निकालांचा हंगाम सुरू झालाय. तिमाही संपल्यापासून 45 दिवसांत निकाल जाहीर करा, असा सेबीचा नियम. मार्चअखेरच्या वार्षिक निकालाला तेवढे 60 दिवस. म्हणून 14 ऑगस्ट, 14 नोव्हेंबर, 14 फेब्रुवारी या तारखांना शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर झुंबड उडते. मिरवण्यासारखं असतं ते लवकर उरकतात. उरलेल्यांपैकी बरेच जण शेवटच्या रात्री, बाजार कधीच बंद झालेला असताना, गुपचूप पीडीएफ सरकवतात.

आकडे खोटे असतात का? क्वचित. 'सत्यम' या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी 7 जानेवारी 2009 रोजी स्वतःच लिहून दिलं, की आधीच्या सप्टेंबर तिमाहीत दाखवलेला 649 कोटींचा परिचालन नफा खरं तर 61 कोटींचाच होता. एवढे कष्ट बाकीच्यांना घ्यावे लागत नाहीत. खऱ्या आकड्यांवरही छान भागतं. कुठला ठळक छापायचा आणि कुठला पाचव्या टिपेत कोंबायचा, एवढंच ठरवायचं.

तक्त्यात शेजारी शेजारी रकाने असतात: ही तिमाही, मागची तिमाही, गेल्या वर्षीची हीच तिमाही. एसी विकणाऱ्या कंपनीने जानेवारी-मार्चची विक्री ऑक्टोबर-डिसेंबरशी ताडून पाहिली, तर डोळे दिपतात. गेल्या वर्षीच्या जानेवारी-मार्चशी ताडली, तर घाम फुटतो. ज्या रकान्याशी तुलना सोयीची, तो मथळ्यात जातो. कुठलाच सोयीचा नसला, तर 'एबिटा' आहेच: व्याज, कर, घसारा वजा करण्याआधीची कमाई. देणी द्यायच्या आधी कोण श्रीमंत नसतं?

ऑक्टोबर 2024 मध्ये पेटीएमने 930 कोटींचा तिमाही नफा जाहीर केला. तोट्याची सवय झालेली कंपनी नफ्यात आली म्हणून मथळे सजले. पण त्यात 1,345 कोटींचा एकरकमी लाभ होता, सिनेमा-कार्यक्रमांच्या तिकिटांचा धंदा झोमॅटोला विकल्याचा. तो बाजूला काढा, उरतो चारशे कोटींहून अधिक तोटा. कंपनीने हे लपवलं नव्हतं, स्पष्ट सांगितलं होतं. वावर विकून आलेला पैसा सुगीत धरायची घाई वाचणाऱ्यांनाच झाली होती.

मग येतं व्यवस्थापकीय संचालकांचं निवेदन. नफा वाढला, तर ती 'आमच्या धोरणाची फलश्रुती'. घटला, तर पाऊस, निवडणूक, युद्ध. पुढे विश्लेषकांबरोबरचा कॉन-कॉल. तिथे पहिल्याच विश्लेषकाचं ठरलेलं वाक्य: "सर, ग्रेट सेट ऑफ नंबर्स!" आकडे कसेही असोत. त्याला पुढच्या तिमाहीतही प्रश्न विचारायचा असतो.

तेव्हा निकाल खालून वर वाचावा. आधी टिपा, मग अपवादात्मक बाबी, मग इतर उत्पन्न. मथळा सगळ्यात शेवटी, तोही वेळ उरला तर. रोख प्रवाहाचा तक्ता सक्तीने सहा महिन्यांतून एकदाच मिळतो, तोवर नफ्याला कागदावरचाच समजावं. आणि नफा तिप्पट झाल्याची बातमी घेऊन कुणी पेढे मागायला आलं, तर आधी विचारावं: कमावलं, की विकलं?