निराकाराचा पत्ता : पंचवटी कारंजा

चित्रकार होण्यासाठी नाशिकइतकं सोयीचं गाव नाही आणि अमूर्त चित्रकार होण्यासाठी इतकं गैरसोयीचंही नाही. शिवाजी तुपे यांच्या जलरंगांवर इथल्या लोकांचा डोळा तयार झालेला. चित्रात घाट दिसला की माणसं पायऱ्या मोजतात, देऊळ दिसलं की कळस तपासतात. अशा गावात, तेही पंचवटीत, आमचे काका रंगांचे पट्टे ओढतात.

काकांचं आडनाव दुसरंच आहे; पण दर तिसऱ्या वाक्यात गायतोंडे येतात म्हणून गल्लीने त्यांना गायतोंडेकाका करून टाकलं. रामकुंडावरच्या फुलवाल्या मावशींनी तर एकदा सरळ विचारलं, "दुतोंड्या मारुती माहितीये, हे गायतोंडे कोणत्या घाटावर?" काकांनी तिथेच उभ्याउभ्या सांगायला घेतलं. वासुदेव गायतोंडे, जन्म नागपूरचा, १९२४ चा, घराणं गोव्याचं, 'अमूर्त' म्हटलेलं त्यांना खपत नसे, आणि २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटींच्या वर गेलं. मावशींनी तेवढा शेवटचा आकडा ऐकला. त्या दिवसापासून काकांना झेंडूची माळ महाग मिळते.

गायतोंडे वर्षाला मोजकी चित्रं करत आणि त्याहून मोजकं बोलत. काकांनी यातलं काहीच उचललं नाही. रोलर तेवढा उचलला.

आकाराच्या बाबतीत थोडी अडचण होती. बिंदू सय्यद हैदर रझांनी आधीच घेतलेला. लहानपणी रझांचं लक्ष लागेना, तेव्हा मास्तरांनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे बघत बसायला सांगितलं, अशी गोष्ट आहे. काकांच्या मास्तरांनीही त्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं, पण ठिपका काढायचा राहिला. म्हणून काकांकडे चौकोन आहे.

मात्र काकांच्या कलेचा खरा पाया म्हणजे प्रवास. अकोल्याचे आंबादास खोब्रागडे १९७२ मध्ये नॉर्वेला गेले आणि तिथलेच झाले. काका टूर कंपनीबरोबर जातात आणि काकूंच्या पिशवीतले ठेपले, मेतकूट, चिवडा संपायच्या आत परत येतात. 'इस्तंबूल : आतलं मौन' ही त्यांची गाजलेली मालिका. (गाजली ती आमच्या गल्लीत.) विमान बदलताना तिथे जे चार तास मिळाले, त्यांवर ती सगळी उभी आहे. "मौन कसलं डोंबलाचं," काकू म्हणतात, "घोरत होते. बॅगा मी सांभाळल्या."

'सहारा' या मोठ्या चित्रासमोर एक रिक्षावाला बराच वेळ उभा राहिला. काका खूश. मग तो म्हणाला, "काका, हा एकोणीसचा पूर ना? आणि वर टेकलंय ते मारुतीचं डोकं?" काका दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. मला विचाराल तर समीक्षा चोख होती. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून गेलं, तेव्हा गोदावरीचा रंग नेमका तसाच होता. आणि सहारात काका अजून गेलेलेच नाहीत.

अलीकडे काकांना मिश्र सांस्कृतिक वारसा झाला आहे. प्रदर्शनाच्या पत्रकात आई कारवारची, आजी बडोद्याची, पणजोबा तंजावरच्या दरबारातले असं छापून आलं. घाऱ्या डोळ्यांच्या आधारावर एक पोर्तुगीजही पुढच्या आवृत्तीत यायच्या बेतात होता.

हे पंचवटीत राहून छापणं म्हणजे धाडसच. इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत तुमचे खापरपणजोबा कोणत्या साली आले, कोणाचं श्राद्ध केलं, बरोबर कोण होतं, सगळं लिहिलेलं असतं, खाली सही नाहीतर अंगठा. गुरुजींनी पत्रक वाचलं, चष्मा पुसला आणि वही उघडली.

"सात पिढ्या निफाड तालुका."

"आणि आईकडचे?"

"चांदोरी."

"म्हणजे?"

"म्हणजे निफाड तालुकाच. एक चुलत आजोबा येवल्याला दत्तक गेलेत. स्थलांतर म्हणाल तर तेवढंच."

दुसरा कोणी असता तर खचला असता. काकांनी आठवड्याभरात 'दत्तक' नावाची नवी मालिका काढली. तिच्यात पैठणीचा जांभळा रंग आहे.

खरं तर सरमिसळ शोधायला काकांना कारंज्यापलीकडे जायचीही गरज नव्हती. पोर्तुगीज हवाच होता तर नारोशंकराच्या देवळात वसईच्या विजयाची म्हणून सांगतात ती घंटा टांगलेली आहे. कपालेश्वरासमोर नंदी नाही, म्हणजे रिकाम्या अवकाशाचीही सोय झालेली. रामकुंडावर सकाळी गुजराती, तेलुगू, मारवाडी, भोजपुरी एकाच पायरीवर ओली होतात. काकांच्या खोलीची खिडकी त्याच बाजूला उघडते. ती ते बंद ठेवतात, कारण तिच्यातून आकार आत येतात.

तरीही माणूस अगदीच वाया गेलेला नाही. त्यांचं एक काळं चित्र आहे. थरावर थर चढवून खरवडलेलं, मधेच ओल्यासारखी चमक. काका त्याला 'प्राग' म्हणतात. प्राग मी पाहिलेलं नाही, पण काळारामाचा दगड पहिल्या पावसात पाहिला आहे, आणि हे चित्र मी पैसे देऊन घेईन. तसं त्यांना सांगितलं तर ते किंमत युरोत सांगतील, म्हणून गप्प आहे.

काकांचं प्रदर्शन पुढच्या महिन्यात आहे. जरूर या, चहा काकूंच्या हातचा असतो. फक्त "हे काय आहे?" असं विचारू नका. उत्तर इस्तंबूलपासून सुरू होतं, आणि तोवर निमाणीवरून शेवटची सिटी बस निघून जाते.