आमच्या टेबलावरचा तुमचा फोन

बंदिस्त आयपी फोन बनवणाऱ्या तमाम कंपन्यांस,



पत्रास कारण की, विकत घेतलेली वस्तू आपली असते, असा एक खुळा समज नाशकात अजून टिकून आहे. अंबड-सातपूरचे छोटे कारखानदार तर बिलच पुढे करतात: पैसे मोजले, जीएसटी भरला, मग फोन आमच्या लिनक्सवर का लागत नाही? त्यांना आपली थोरवी समजावता समजावता माझा घसा बसतो. मी ऑफिसांतून ॲस्टेरिस्क हे लिनक्सवरचं टेलिफोन एक्स्चेंज बसवून देतो. त्याला एखादा जुना संगणक पुरतो, सॉफ्टवेअरला दमडी लागत नाही. घोडं अडतं ते आपल्या दाराशी.

आधी आपल्या दूरदृष्टीबद्दल अभिनंदन. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मार्क स्पेन्सर या तरुणाला स्वतःच्या कंपनीसाठी टेलिफोन एक्स्चेंज परवडेना, म्हणून त्याने ते स्वतःच लिहिलं आणि वर सगळ्यांना वाटून टाकलं. तेच हे ॲस्टेरिस्क. जून २००२ मध्ये सिप या खुल्या फोन-प्रोटोकॉलचा मसुदा, आरएफसी ३२६१, आला आणि कुठल्याही फोनने कुठल्याही एक्स्चेंजशी बोलावं, याची खुली सोय झाली. एवढी उधळपट्टी चालू असताना आपण मात्र डगमगला नाहीत. सिस्कोने १९९८ मध्ये सेल्सियस कंपनी घेतली, तिच्याबरोबर आलेला ‘स्किनी’ प्रोटोकॉल सांभाळला; नॉर्टेलने आपला युनिस्टिम जपला. फोन बोलेल, पण घरातल्यांशीच.

त्याचं चालू होणं तर डोळे भरून पाहावं. स्किनीवर चालणारा जुना ७९६० घ्या. केबल लावली की तो डीएचसीपीकडून पत्ता घेतो, टीएफटीपी सर्व्हर कुठे ते १५० नंबरच्या ऑप्शनमधून शोधतो आणि स्वतःच्या नावाची फाईल मागतो. नावात आधी एसईपी, मग मॅक ॲड्रेसची बारा अक्षरं, शेवटी सीएनएफ-एक्सएमएल. लिनक्सवर एक अक्षर कॅपिटलऐवजी स्मॉल पडलं की फाईल सापडत नाही. काय चुकलं हे तो सांगत नाही. जरा थांबून परत तीच फाईल मागतो. सर्व्हरच्या लॉगमध्ये तीच ओळ खाली खाली उतरत राहते. धोंड्याच्या जेवणाला आलेला जावईसुद्धा इतका मानपान मागत नसेल.

पुढच्या पिढीत तर कमालच झाली. सिस्कोच्या ७८०० आणि ८८०० मालिकांत आता सिपच आहे. पण एका फोनमधलं फर्मवेअर ‘एंटरप्राइझ’, दुसऱ्यातलं ‘मल्टिप्लॅटफॉर्म’. इतरांच्या एक्स्चेंजवर चालतं ते दुसरं. पहिल्याचं दुसरं करायला परवाना लागतो. भाषा सर्वांची झाली, तर तोंडाला कुलूप लावावं, ही युक्ती आमच्या डोक्यात आलीच नसती.

काही उपद्रवी मंडळींनी मात्र आपला विरस केला. त्यांनी वायरवरची पॅकेटं वाचून वाचून आपले खासगी प्रोटोकॉल उलगडले. स्किनी आणि युनिस्टिम, दोन्हींसाठी ॲस्टेरिस्कमध्ये ड्रायव्हर आले. जानेवारी २००९ मध्ये नॉर्टेलने दिवाळखोरीचा अर्ज केला, कंपनी तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. तरी तिचा फोन या फुकट्यांच्या ड्रायव्हरवर वाजू शकत होता. (मालकाच्या पश्चात नोकराने असं बोलत राहणं शोभत नाही, हे मान्य.)

आता थोडं गंभीरपणे. आपण ‘सपोर्ट संपला’ म्हणता, तेव्हा हँडसेट ठणठणीत असतो, स्पीकर खणखणीत असतो, बटणंही चालतात. संपलेला असतो तो फक्त आपला उत्साह. आणि फोन भंगारवाल्याच्या गोणीत जातो. आमच्या अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये उठवला, तरी तो पुन्हा बसला. चालता माल भंगारात येत राहिला तर दुसरं काय होणार?

तेव्हा एकच विनंती. ज्या दिवशी सपोर्ट संपल्याचं जाहीर कराल, त्याच दिवशी त्या मॉडेलचं सिप फर्मवेअर आणि कुलूप काढायची फाईल, परवाना न मागता, आपल्या संकेतस्थळावर ठेवा.

आणि नाशिककरांनो, पुढची ऑर्डर देताना एक ओळ लिहून घ्या: ‘फोन ॲस्टेरिस्कवर, जादा परवान्याशिवाय, आमच्यासमोर रजिस्टर करून दाखवल्यावरच पैसे मिळतील.’

कळावे,
आपला,
एक ॲस्टेरिस्कवाला,
सातपूर, नाशिक