ट्रॅक डेचे सामान : साहित्य, वहन व वाटप

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. बंदिस्त ट्रॅकवर पैसे भरून, समोरून एसटी, म्हैस किंवा उलट्या बाजूने ट्रॅक्टर येणार नाही या हमीवर मोटरसायकल मनसोक्त पळवण्याचा हा दिवस. त्यासाठी महाराष्ट्रातील हौशी स्वाराला बहुधा राज्याची हद्द ओलांडावी लागते. ग्रेटर नोएडाचे ५.१२५ किलोमीटरचे बुद्ध सर्किट, कोइम्बतूरचा आटोपशीर कारी स्पीडवे आणि चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथे १९९० पासून चालू असलेला ३.७१७ किलोमीटरचा, बारा वळणांचा ट्रॅक हे परिचित पर्याय. प्रस्तुत मार्गदर्शनात स्वार पुण्याचा आणि ट्रॅक चेन्नईचा धरला आहे. अंतर साधारण बाराशे किलोमीटर. पुण्यातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ इरुंगाट्टुकोट्टईवरूनच पुढे जातो, त्यामुळे रस्ता चुकल्याची सबब चालत नाही.

सामानाचे दोन वर्ग पडतात : स्वतःस लागणारे आणि दुसऱ्यास लागणारे. दुसरा वर्ग मोठा असतो. प्रत्येक गटात एक जण हेल्मेट आणि हसरा चेहरा एवढेच घेऊन येतो. सोयीसाठी पुढे त्याचा उल्लेख ‘रिक्तहस्त’ असा केला आहे. यादी करताना त्याचा विचार आधी करावा, कारण तो स्वतः तो कधीच करत नाही.

अंगावरच्या वस्तूंत काटकसर नसावी. चामड्याचा सूट सलग असावा; दोन तुकड्यांचा असल्यास कमरेभोवती पूर्ण चेनने जोडला जाणारा असावा, नाहीतर घसरताना जॅकेट वर सरकते आणि पाठ डांबराला लागते. पाठीचे संरक्षक, मनगट झाकणारे हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट, फुल फेस हेल्मेट. आत घालायला सुती बनियन नको, पातळ लायक्रा हवे. चेन्नईच्या दमट हवेत घामेजल्या अंगावर सूट चढवणे हा खांद्यांचा व्यायाम असून त्यास दोन माणसे लागतात. हातमोज्यांचा दुसरा जोड घ्यावा. पहिला रिक्तहस्ताच्या हातात असेल.

तपासणीच्या टेबलावर कोणाचीही रदबदली चालत नाही. आरसे काढावेत, हेडलाइट, टेललाइट आणि इंडिकेटरवर टेप लावावी. पडल्यावर फुटलेली काच ट्रॅकभर पसरली, तर ती मागच्यांच्या चाकाखाली येते. साइड स्टँड झिप टायने बांधावा. रेडिएटरमधले कूलंट काढून साधे डिस्टिल्ड वॉटर भरावे, कारण कूलंटमधले ग्लायकॉल सांडले की डांबर निसरडे होते आणि लवकर वाळत नाही. घरी परतल्यावर ते पुन्हा भरायचे असते, हे मेपर्यंत कोणाला आठवत नाही. आरशांचे बोल्ट औषधाच्या रिकाम्या डबीत घालून डबीवर नाव लिहावे. स्वतःचे.

हवेच्या गेजविषयी सविस्तर लिहिणे प्राप्त आहे. टायर तापला की आतली हवा तापते आणि दाब काही पीएसआयने वाढतो. म्हणून कंपनीच्या पुस्तिकेतला रस्त्यासाठीचा आकडा ट्रॅकवर जसाच्या तसा धरत नाहीत. सकाळी थंड टायरमध्ये दाब किती हे लिहून ठेवावे, आणि सत्र संपवून पिटमध्ये येताच, हेल्मेट काढण्याआधी, पुन्हा मोजावे. पाच मिनिटे गप्पा मारून घेतलेला आकडा उपयोगाचा नाही. दोन गेज क्वचितच एक बोलतात, म्हणून दिवसभर एकच गेज वापरावे. आता हे शास्त्र ज्या क्षणी आचरायचे, नेमक्या त्याच क्षणी गेज तिसऱ्या तंबूत गेलेले असते. विचारल्यास ‘अरे, आत्ताच ठेवलं होतं इथं’ असे उत्तर मिळते. ते ‘इथं’ कुठे, हे आजवर समजलेले नाही. जाणते लोक दोन गेजेस नेतात : एक दाखवायचे आणि एक मोज्यात लपवायचे. तरीही दुपारपर्यंत दोन्ही रिक्तहस्ताकडे असतात, कारण पहिल्यावर त्याचा विश्वास नसतो.

हत्यारांत टी-पाना, अ‍ॅलन की, टॉर्क रेंच, चेन स्प्रे, टेप आणि भरपूर झिप टाय. गाडी पडली की बहुधा आधी मोडतात ते लिव्हर, म्हणून क्लच आणि ब्रेकचे जादा लिव्हर जवळ ठेवावेत. रिक्तहस्ताशी एकाच मॉडेलची गाडी घेणे टाळावे.

लॅप टायमर नेऊ नये. रिक्तहस्त उसन्या हातमोज्यांत, उसन्या हवेवर फिरूनही लवकर फेरी पूर्ण करतो, आणि ते आकड्यात पाहण्याने कोणाचे भले होत नाही.

ट्रॅकवर सावली विकत मिळत नाही. तंबू, सतरंजी, घडीच्या खुर्च्या, पाण्याचा वीस लिटरचा जार आणि इलेक्ट्रालची पाकिटे हवीतच. सत्र पंधरा-वीस मिनिटांचेच असते, पण त्यात घाम अर्ध्या दिवसाचा जातो, आणि तहान लागेपर्यंत थांबले तर डोके आधी जड होते. जेवण हलके असावे. दहीभात उत्तम. घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली असल्यास डबा शेवटच्या सत्रानंतरच उघडावा, नाहीतर वास लागताच तंबूत गर्दी होते.

विम्याचे कागद घरी ठेवले तरी चालतात. सर्वसाधारण पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर मोडले ते आपले.

वहनासाठी पिकअप भाड्याने घ्यावा. गाडी चढवताना टाकी जवळजवळ रिकामी असावी. रॅचेट पट्टे हँडलच्या ग्रिपला न लावता फोर्कच्या खालच्या टीला लावावेत, पुढचे शॉकअप थोडे दाबले जाईल इतके ताणावेत, आणि पन्नासेक किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळावेत. खंबाटकीच्या आधी थांबणे बरे.

येथे एक गोष्ट नोंदवणे न्याय्य ठरेल. हुबळीनंतर सगळे पेंगत असता रात्रभर स्टीअरिंगवर बसतो तो रिक्तहस्तच. कोणी घसरले की मार्शलच्या पाठोपाठ पिटच्या भिंतीशी पोचतो तोही तोच, आणि पॅडॉक स्टँडवर गाडी चढवताना सीट धरायला न बोलावता येतो. त्यामुळे त्याला न सांगता निघण्याचे बेत दरवर्षी होतात आणि दरवर्षी आदल्या रात्री त्याला फोन जातो.

परतीच्या आधी यादी हातात घेऊन सामान मोजावे. टॉर्क रेंच त्याच्या बॅगेत शोधावा. ओला सूट बॅगेत कोंबून बाराशे किलोमीटर आणू नये, चामड्याला बुरशी धरते. पिकअपमध्ये हँगरला अडकवून आणावा आणि घरी सावलीत वाळवावा. हातमोज्यांचा पहिला जोड पुढच्या वर्षीच्या यादीत धरावा.